घरच्या माणसाला पगार

रविवारचा मसालेभात अर्धा उरला, तेव्हाच सुमेधाला कळलं की आज जेवायला कुणाचंच मन नव्हतं. या घरात मसालेभात उरत नाही. सासरे सूर्यकांत होते तेव्हा तर पातेल्याच्या बुडाची खरपुडीसुद्धा वाटून खाल्ली जायची. ते गेले, मग नवरा सुजीत गेला, तरी भात उरला नव्हता. माणसं दुःखातही जेवतात. घास अडकतो तो समोरच्याला तोंड दाखवायची चोरी झाली की.

ती उरलेला भात डब्यात काढत होती, तेवढ्यात थोरल्या जाऊबाई शुभ्रावहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"राहू दे गं ते आता. नंतर कर. हे बोलावतायत सगळ्यांना."

'मी करते' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. सुमेधाने झाकण लावलं, हात पुसले. फोन ओट्यावर पालथा पडला होता. त्यात दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीतल्या मिहिकाचा सकाळचा निरोप होता: बाकी सगळं ठरलं आहे, फक्त आधीच्या ठिकाणचं एक्सपिरियन्स लेटर तेवढं हवं, रविवार असला तरी कळवा. लेटर असेल तर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, नसेल तर ट्रेनी. एक्झिक्युटिव्हच्या पगारावर लेकीचा, अस्मीचा व्हिसा सुमेधाला स्वतःच्या नावावर घेता येणार होता, ट्रेनीच्या पगारावर नाही. तिचं सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं होतं, आणि तो फक्त थोरले दीर उपेंद्रदादाच देऊ शकत होते.

देणार कसा, हा प्रश्न होता. मागच्या मंगळवारी शारजाजवळच्या हमरियात, घरच्या खोक्यांच्या युनिटमध्ये तपासणी झाली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं होतं की ही बाई इथे काम करत नाही.

सुमेधा तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली होती. समोर स्क्रीनवर खोक्यांच्या ऑर्डरचं इन्व्हॉइस अर्धवट भरलेलं. इन्स्पेक्टर बाई अबाया घातलेली, हसरी, अगदी मऊ बोलणारी. तिने विचारलं, ही कोण? सुमेधाचा व्हिसा होता उपेंद्रच्या एका ओळखीच्या ट्रेडिंग कंपनीचा आणि काम चालायचं इथे. म्हणजे दंड, आणि तोही असा की युनिटला कुलूप लागावं. उपेंद्र म्हणाले, "माय ब्रदर्स वाइफ, मॅडम. विडो. लंच लेके आई है." टेबलावर डबा होताच, रोज तीच तर सगळ्यांचा डबा आणायची. बाईने सुमेधाकडे पाहिलं. सुमेधा म्हणाली, "येस, मॅडम." बाईची नजर एकदा स्क्रीनवर गेली, मग डब्यावर. तिला काय कळलं ते तिलाच ठाऊक. "ओके, खलास," म्हणून ती पुढे गेली.

सुजीत गेल्यापासून सुमेधा त्या खुर्चीवर बसत होती. इन्व्हॉइस, व्हॅट, बँक, सगळं तीच बघायची. युनिटमधल्या प्रत्येकाचा पगार दर महिन्याला तीच बँकेत टाकायची, एक आपला सोडून.

*

जेवणाचं टेबल पुसून झालं होतं. सूर्यकांतांनी या घराला एक पद्धत घालून दिली होती: मोठा निर्णय असला की जेवण झाल्यावर सगळ्यांनी टेबलाशी बसायचं आणि सर्वांत लहानाने आधी बोलायचं. मोठे आधी बोलले की लहान नुसत्या माना डोलावतात, असं त्यांचं म्हणणं. ज्याचा विषय असेल त्याने शेवटी. पद्धत चांगली होती. फक्त सगळ्यांचं ऐकून झाल्यावर सूर्यकांत स्वतःला हवं तेच करायचे.

सासूबाई प्रमिलाबाईंना व्हीलचेअरसकट टेबलापाशी आणलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अशाच होत्या, आणि त्यांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही हे त्या दिवसातून चारदा सिद्ध करायच्या.

उपेंद्रने घसा खाकरला. "मंगळवारचं सगळ्यांना माहीत आहे. थोडक्यात वाचलो. आता त्या ट्रेडिंगवाल्याचे हातपाय गारठलेत, तो सुमेधाचा व्हिसा कॅन्सल करतोय. बदरुद्दीनशी मी बोललो." बदरुद्दीन म्हणजे कंपनीची व्हिसाची कामं करणारा माणूस. "तो म्हणतो, रीतसर आपल्याच कंपनीत घ्या. अस्मीचा व्हिसा त्याला जोडून होईल. पगार कागदावर दाखवावा लागेल, तो बँकेत येईल. सुमेधा, तू तो दर महिन्याला काढून मला परत द्यायचा."

"परत?" रोनितने विचारलं. हा उपेंद्रचा मुलगा, सिलिकॉन ओएसिसमध्येच नोकरीला. मिहिकाच्या कंपनीतली जागा त्यानेच काकूला सांगितली होती.

"मग? राहायची खोली, अस्मीची फी, खाणंपिणं हे कुठून येतं? आणि युनिटमध्ये आता तिला बसवता येणार नाही, काही दिवस डोळे असणार आपल्यावर. तिने घरी आईचं बघावं, अकाउंट्स लॅपटॉपवर घरूनच होतील. ती नर्स बंद करू."

"नर्सला अडीच हजार दिरहम जातात," शुभ्रा म्हणाली. "म्हणजे साठ हजार रुपये झाले. ठाण्यात चार बायका येतील तेवढ्यात."

"हिशेबाचं नाहीये गं," उपेंद्र म्हणाला. "बाबा सांगायचे, बसून खाल्लं की माणूस बिघडतं. आपण कुणाला मिंधं ठेवत नाही. काम करायचं, ताठ मानेनं जेवायचं. बोल अस्मी, तू लहान."

अस्मी नववीत होती. तिचा जन्म शारजातला, मराठी कळायची सगळी, उत्तर यायचं इंग्रजीत. ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मम्मा हॅज अ जॉब, काका. अ रिअल वन. शी जस्ट नीड्स द लेटर."

 उपेंद्रने आधी बायकोकडे पाहिलं आणि मग मुलाकडे.

*

रोनितने आदल्या आठवड्यात काकूला शब्द दिला होता. सिलिकॉन ओएसिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, अगदी हातावर हात ठेवून. काकू, यू डोन्ट वरी, डॅडशी मी बोलतो. तेव्हा तो मनापासून बोलला होता. पण गाडीत बसून धीर देणं वेगळं आणि बापासमोर टेबलाशी बसून तोंड उघडणं वेगळं. त्यात नव्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी त्याला डॅडची सही लागणार होती.

"रोनित?" उपेंद्र म्हणाला.

"आय मीन, लेटर देणं रिस्की आहे, ते मला पटतं," रोनित म्हणाला. "त्या इन्स्पेक्टरला आपण एक सांगितलं, आणि लेटरहेडवर दुसरंच लिहून देणार. उद्या कुणी व्हेरिफाय केलं तर? पण काकूचाही पॉइंट आहे. तर काहीतरी मधलं. सहा महिने जाऊ देत, मग बघू."

"जागा सहा महिने थांबणार आहे का?" सुमेधाने विचारलं.

"काकू, इन्शाल्ला दुसरी मिळेल."

अस्मीने चुलतभावाकडे नुसतं पाहिलं. त्याने फोन उचलून उगाच वेळ बघितली.

आता पाळी शुभ्राची. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिचं तिलाच धड कळत नव्हतं. सुमेधाबद्दल तिला राग नव्हता. सुजीतभावजी गेले त्या रात्री हिला कुशीत घेऊन तीच बसली होती. पण सुमेधा गेली तर सासूचं अंग पुसायचं, बेडपॅन द्यायचं, रात्री तीनदा उठायचं हे कुणाच्या गळ्यात पडणार, हेही तिला लख्ख दिसत होतं. नर्स रात्री थांबत नाही. दुसरीकडे, हीच बाई घरात कायमची राहिली तर स्वयंपाकघरात दोन सुना आणि एक सासू, तेही नको वाटायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती.

"मला विचाराल तर," ती म्हणाली, "जायचं तर जाऊ दे तिला. पण लेटरबिटर नको. आपल्या पोटावर पाय आणून कुणाचं भलं करायचं नसतं. आणि जाणार असेल तर आईंची आधी सोय लावून जावं."

"म्हणजे तू कुठल्या बाजूने?" उपेंद्र वैतागला.

"मी माझ्या बाजूने," शुभ्रा म्हणाली. दुपारभरातलं तेवढं एक वाक्य सगळ्यांना खरं वाटलं.

*

प्रमिलाबाई ऐकत होत्या. हमरियाच्या आधी युनिट शारजाच्या एका गोदामात होतं आणि खोकी जोडायला माणसं परवडायची नाहीत, तेव्हा त्या स्वतः जमिनीवर बसून खोकी जोडायच्या. उन्हाळ्यात गोदामाचा पत्रा तापायचा. पुठ्ठ्याने बोटं चिरायची, आणि संध्याकाळी त्याच बोटांनी कणीक मळायची म्हणजे मीठ झोंबायचं. सूर्यकांत पाहुण्यांना सांगायचे, "हिला घरी कंटाळा येतो, म्हणून येऊन बसते." पाहुणे हसायचे, त्याही हसायच्या. त्या हसण्याची त्यांना अजून चीड यायची. पण ती चीड कुठे काढावी हे इतक्या वर्षांत त्यांना कधी सुचलं नव्हतं, आणि आताही ती भलत्याच जागी निघाली.

"मला कुणी दिला होता पगार?" त्या म्हणाल्या. "नवरा जिवंत असून मी केलं. हिला निदान डोक्यावर छप्पर फुकट आहे."

"फुकट नाहीये, आई," सुमेधा म्हणाली. बोलायची पाळी तिची नव्हती, पण तोंडून निघून गेलं. "रोज सकाळी सगळ्यांचे डबे. मग युनिट. संध्याकाळी तुमचं. अस्मीची शाळेतली एकही मीटिंग मला जमली नाही. हे फुकट कसं होईल?"

"अगं, घरच्या माणसाला पगार देतात का कुठे?" उपेंद्र म्हणाला. आवाज चढवून नाही, समजुतीने. समजुतीचा आवाज त्याला छान जमायचा.

"घरच्या माणसाला फीची आठवणही करून देत नाहीत, दादा."

उपेंद्रचा चेहरा पडला. ते त्याला लागलं, खरोखर लागलं. सुजीतच्या हॉस्पिटलचं बिल त्याने भरलं होतं आणि कुणाला आकडा सांगितला नव्हता. अस्मीची फी एकदाही उशिरा गेली नव्हती. आपण वाईट माणूस नाही, हे तो रोज रात्री स्वतःला सांगून झोपायचा आणि बरेचदा झोप लागायची. पण मंगळवारपासून लागत नव्हती. ती इन्स्पेक्टर बाई डोळ्यांसमोर यायची. लेटर दिलं आणि ते फिरत फिरत भलत्या टेबलावर पोचलं, तर खोटं बोललो ते आपल्याच सहीने सिद्ध होणार. मग युनिट गेलं, युनिटवरची माणसं गेली, रोनितचा फ्लॅट गेला. भीती वाटली की उपेंद्र जास्तच प्रेमळ व्हायचा, आणि तोच त्याचा दोष होता.

"सुमेधा, तुझ्यासाठीच सांगतोय," तो म्हणाला. "दुबईची नोकरी म्हणजे काय, रोज ट्रॅफिकमध्ये जीव जाणार. उद्या त्यांनी काढलं तर? इथे तुला कोण काढणार आहे? आणि हे नेहमीसाठी थोडंच आहे. अस्मी आता मोठी झाली. येत्या सुट्टीत तिलाही नेतो युनिटवर, पॅकिंगला हात लावेल, जरा कामाची सवय होईल. आपण तिच्यासाठी एवढं करतोय, तिलाही जाणीव राहील."

"चांगलं आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी केलं, हिने केलं, आता ही करेल. घर असंच चालतं."

अस्मी म्हणाली, "ओके, काका."

तिने ते फार सहज म्हटलं. आजवर तिने या घरात शंभर गोष्टींना असंच ओके म्हटलं होतं: नवी सायकल नको, ट्रिप नको, ट्यूशन नको, खोलीचा एसी रात्री बंद. आपण दुसऱ्याच्या घरी आहोत हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती शिकली होती. सुमेधाने तिच्याकडे पाहिलं. आपण 'येस, मॅडम' म्हणालो तेव्हा आपला आवाज असाच आला असणार, हे तिच्या ध्यानात आलं.

*

"आता तू बोल," उपेंद्र म्हणाला. "शेवटचं तुझं."

"मला एकदा सांगा, दादा," सुमेधा म्हणाली. "लेटर राहू दे. कागद नको. इथे टेबलाशी, आपल्या आपल्यात तोंडाने सांगा. मी तिथे काम करत होते ना?"

"अगं, हा काय प्रश्न झाला?"

"साधा आहे. करत होते की नव्हते?"

उपेंद्रने खिडकीकडे पाहिलं. समोरच्या टॉवरच्या बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत होते. "तू मदत करत होतीस," तो म्हणाला. "खूप मदत केलीस. कोण नाही म्हणतंय?"

"मदत," सुमेधा म्हणाली.

तिने स्वयंपाकघरात जाऊन फोन आणला आणि सगळ्यांसमोर उभं राहून मिहिकाला लावला. मिहिकाने लगेच उचलला.

"हां मिहिका, सुमेधा. सॉरी, संडे को… वो लेटर नहीं मिलेगा." तिचा आवाज एकसारखा होता. "नहीं, कहीं काम नहीं किया. घर पे ही थी. हां, फ्रेशर समझिए."

पलीकडून मिहिका काहीतरी विचारत होती. शुभ्राने हातातला पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला.

"इंटरव्ह्यू में बताया था, हां. घर की बात थी, थोड़ा बढ़ाके बोला." सुमेधाने डोळे मिटले. "ट्रेनी चलेगा. हां, पगार मालूम है. फर्स्ट से आ जाऊंगी. थँक यू."

फोन बंद केल्यावर रोनित आधी बोलला. "काकू, यू डिडन्ट हॅव टू से दॅट. तू खोटं बोललीस असं त्यांना वाटणार आता."

"वाटू दे. तुम्हा सगळ्यांचं म्हणणं तेच होतं ना?"

उपेंद्रचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो पडल्याचं त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. त्याची त्याला लाज वाटली. लाज वाटली म्हणून तो जरा जोरात बोलला. "आणि अस्मी? ट्रेनीच्या पगारावर तिचा व्हिसा होत नाही. विचार केलायस?"

"केलाय. ताईकडे नाशिकला जाईल. ती केव्हापासून म्हणतेय, पाठव."

"आईला सोडून?" शुभ्रा म्हणाली. "एवढीशी पोर? सुमेधा, हा हट्ट झाला. अगं, इथे तिची शाळा आहे, मैत्रिणी आहेत."

"इथे ती सुट्टीत पॅकिंग करणार आहे, वहिनी. तुम्हीही ऐकलंत."

"त्यात काय वाईट आहे?"

"काही नाही. रोनितला कधी नेलं होतं का पॅकिंगला?"

 रोनितच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्या सुट्ट्या फुटबॉलच्या कॅम्पात गेल्या होत्या, हे त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला आठवत होतं.

"मी सिलिकॉन ओएसिसजवळ बेडस्पेस बघेन," सुमेधा म्हणाली. "एका खोलीत चौघी राहतात तशी. पगार वाढला, मी एक्झिक्युटिव्ह झाले, की हिला परत आणेन. वर्ष लागेल, दोन लागतील. नाही झालं तर मीच जाईन परत. पण तिने ओके म्हणायला शिकलेलं मला नकोय."

"तुम्हाला काय कमी केलं आम्ही?" उपेंद्रचा आवाज फाटला. "सुजीत माझा भाऊ होता. त्याच्या बायकोने बेडस्पेसमध्ये राहायचं? लोक काय म्हणतील? मराठी मंडळात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"सांगा, तिला घरी कंटाळा आला म्हणून गेली."

प्रमिलाबाईंनी एकदम मान वर केली. सुमेधाला त्या जुन्या वाक्याची काही माहिती नव्हती, ती आपली तोंडाला आलं ते बोलली होती. म्हाताऱ्या बाईने सुनेकडे बराच वेळ पाहिलं.  आता त्या काहीतरी चांगलं बोलतील, असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं.

"आणि माझं कोण करणार?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

सुमेधा त्यांच्या खुर्चीजवळ गेली आणि त्यांच्या पायांवरून घसरलेली शाल तिने नीट केली.

"पगार देऊन माणूस ठेवा, आई," ती म्हणाली.

 उपेंद्र उठून बाल्कनीत गेला. शुभ्राने टेबलावरचे ग्लास गोळा करायला घेतले, आणि पहिल्यांदाच सुमेधा तिच्या मदतीला धावली नाही. अस्मी आईजवळ येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मम्मा, इन नाशिक, इज मराठी कम्पल्सरी?"

"हो, असेल."

"मला नीट वाचता येत नाही." हे मात्र ती मराठीत म्हणाली.

"शिकशील. मावशी शिकवेल."

"विल यू कम टू ड्रॉप मी?"

सुमेधाला पहिल्या तारखेला कामावर हजर व्हायचं होतं. नव्या नोकरीत रजा मिळत नाही, आणि मिळाली तरी पगार कापला जातो. आता तिला पगार होता. "नाही गं," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर रडायला लागली.